लुकायन लोकांचा इतिहास शोधायचाय? मग सुरुवात इथून करा

बहामाला जाणारे आपले लोक आता बरेच झालेत. अमेरिकेत कुणाचं ना कुणाचं कोणीतरी असतंच, मग तिकडे गेलं की मायामीवरून तीन-चार दिवसांची क्रूझ, नासाऊला उतरायचं, निळं पाणी, फोटो, बाजारातून एखादी टोपी, की परत बोटीवर. मीही बहिणीकडे गेले होते तेव्हा तशीच गेले. तिथे आमच्या गाईडने सांगितलं की कोलंबस आला तेव्हा इथे थोडेसे लोक होते, ते साथीच्या आजारात संपले, मग इंग्रज आले. एका वाक्यात अख्खी माणसं संपली. ते वाक्य काही डोक्यातून जाईना, घरी आल्यावर वाचायला लागले, आणि वाचता वाचता कळलं की त्या वाक्यात खरं असं फारच थोडं आहे. ज्यांना या लोकांबद्दल, म्हणजे बहामाचे मूळ रहिवासी असलेल्या लुकायन लोकांबद्दल, नीट जाणून घ्यायचंय, तिकडे जाऊन असो नाहीतर घरी बसून, त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण कुठे कुठे चुकायला होतं ते मला आता बऱ्यापैकी कळलंय.

आधी नाव पक्कं करून घ्या. लुकायन हा शब्द 'लुक्कु-काइरी' अशा त्यांच्याच शब्दावरून आला, अर्थ बेटांवरची माणसं. स्पॅनिश लोकांनी त्याचं लुकायो केलं आणि सगळ्या बेटांना लुकायास म्हणायला लागले. हे लोक ताइनो या मोठ्या समूहाची एक शाखा, म्हणजे क्युबा, हिस्पॅनिओला, प्वेर्तो रिको इथे राहणाऱ्यांचे भाऊबंद, भाषा अरावाक कुळातली. हिस्पॅनिओला म्हणजे आज जिथे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक आहे ते बेट, हे नाव पुढे सारखं येणार आहे म्हणून आत्ताच लक्षात ठेवा. आणि दुसरी गोष्ट, लुकायन शोधताना फक्त बहामा शोधू नका, टर्क्स आणि केकॉस बेटंही त्यातच येतात, आज तो वेगळा प्रदेश असला तरी तेव्हा ती एकच सलग बेटांची रांग होती.

मग मोबाइलवर नकाशा उघडा आणि झूम करून बसा, अर्धा तास तरी द्या. फ्लोरिडाजवळून सुरू होऊन हिस्पॅनिओलाच्या दिशेने जवळपास हजार किलोमीटर पसरलेली ही रांग आहे, सगळी सपाट, सगळी चुनखडीची. या चुनखडीवरच पुढची अर्धी गोष्ट उभी आहे, कारण इथे कठीण काळा दगड नाही, ज्वालामुखीचा खडक नाही, नद्याही जवळजवळ नाहीतच. म्हणजे उत्खननात जिथे कुठे हिरवट कठीण दगडाची कुऱ्हाड सापडते तिथे ती बाहेरूनच आलेली असणार, क्युबा नाहीतर हिस्पॅनिओलाहून, होडीत घालून. एक कुऱ्हाड म्हणजे एक समुद्रप्रवास असा हिशोब मनात ठेवला की म्युझियममधल्या काचेच्या कपाटाकडे बघण्याची पद्धतच बदलते, माझी तरी बदलली.

नकाशावर जुनी नावं स्वतःच्या हाताने लिहून घ्या असं मी आग्रहाने सांगेन. ग्वानाहानी, ज्याला कोलंबसने सान साल्वादोर नाव दिलं. मायाग्वाना, जे आजही तेच नाव लावून बसलंय. आबाको, इनाग्वा, केकॉस, एक्झुमा, यातही जुन्या नावांचे अवशेष आहेत. बहामा या नावाबद्दल पर्यटकांना नेहमी एकच गोष्ट सांगतात की स्पॅनिशमधलं 'बाहा मार', म्हणजे उथळ समुद्र, त्यावरून आलं. भाषेचे अभ्यासक मात्र म्हणतात की हे लुकायन नावच आहे, ग्रँड बहामा बेटाचं. मला त्यांचं पटतं, कारण आजूबाजूच्या इतक्या बेटांची नावं जुनीच टिकलीत तर मग याच एकाला स्पॅनिश का मानायचं.

कोलंबस नेमका कुठे उतरला यावर मात्र फार वेळ घालवू नका. ज्याला वॉटलिंग म्हणायचे त्या बेटाला १९२० च्या दशकात अधिकृतपणे सान साल्वादोर नाव मिळालं, १९८६ मध्ये समाना के या छोट्या बेटाचा दावा जोरात पुढे आला, ग्रँड टर्कचाही दावा आहे, लोक वर्षानुवर्षं यावर भांडतायत. हा सगळा वाद कोलंबसबद्दलचा आहे. आपल्याला माणसं कोण होती ते बघायचंय.

ते लोक आले कधी? साधारण सातव्या-आठव्या शतकात, म्हणजे आपल्याकडे चालुक्य-राष्ट्रकूटांचा काळ होता तेव्हा. ग्रँड टर्कवर कोरली नावाची एक जागा खणली गेली, ती साधारण इ.स. ७०० च्या आसपासची, तिथे हिस्पॅनिओलाहून आलेल्या लोकांच्या चुली सापडल्या आणि समुद्री कासवं त्यांच्या पाठीतच भाजल्याच्या खुणा. उत्तरेला आबाकोपर्यंत माणसं साधारण ८३० च्या सुमारास पोचली. तिथल्या तळ्यांच्या गाळावरून कळतं की माणूस आल्यावर जंगल जाळण्याचं प्रमाण वाढलं आणि मोठे सरपटणारे प्राणी दिसेनासे झाले. हे मुद्दाम सांगतेय, कारण हे लोक म्हणजे निसर्गाच्या कुशीत राहणारी निष्पाप लेकरं होती असं लिहिणाऱ्यांची कमी नाही आणि त्यानेही त्यांचं नुकसानच होतं. ती शेती करणारी, व्यापार करणारी, होड्या बांधणारी, गावाचा प्रमुख असलेली माणसं होती, त्या प्रमुखाला कासिके म्हणायचे. मिडल केकॉस बेटावर तर चौक आखून बांधलेली वस्ती सापडलीय, जवळच मिठाचं तळं, आणि इथून मीठ बाहेर जात असणार असं संशोधकांना वाटतं.

आता कोलंबसची डायरी. ती वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही, पण ती वाचायची कशी हे आधी ठरवा नाहीतर तुम्ही त्याच्याच डोळ्यांनी बघायला लागाल. मूळ डायरी हरवलीय. आपल्या हातात आहे ती बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्याने उतरवून काढलेली संक्षिप्त प्रत, काही ठिकाणी कोलंबसचे शब्द जसेच्या तसे, काही ठिकाणी स्वतःच्या शब्दांत. म्हणजे दोन माणसांच्या हातातून गेलेला कागद आहे हे विसरू नका. माझी पद्धत सांगते, एक वही घ्या, पानाच्या मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे 'याने काय पाहिलं' आणि उजवीकडे 'याला काय हवं होतं', आणि एकेक दिवस वाचत वाक्यं वाटून टाका.

१२ ऑक्टोबर १४९२. डावीकडे जातं: अंगाला रंग लावलेली तरुण माणसं, पोपट, कापसाच्या सुताचे गुंडे, भाले. उजवीकडे जातं: हे चांगले नोकर होतील, यांना लवकर ख्रिस्ती करता येईल. १३ तारखेला डावीकडे रुंद कपाळं (बाळाचं कपाळ दाबून चपटं करायची त्यांच्यात पद्धत होती), एका झाडाच्या खोडातून कोरलेल्या होड्या, त्यातल्या काहींमध्ये चाळीस-पंचेचाळीस माणसं, आणि भटारखान्यात पाव भट्टीत सरकवायला जो फळा असतो तसलं वल्हं. १४ तारखेला उजवीकडे एकच वाक्य येतं पण ते वाचून मी वही मिटून ठेवली होती, की पन्नास माणसं असली तर या सगळ्यांना ताब्यात ठेवता येईल आणि हवं ते करून घेता येईल. येऊन अजून तीन दिवसही झाले नव्हते.

असं आठवडाभराचं वाचलं की डावी बाजू भरत जाते आणि तिच्यात माणसं दिसायला लागतात. त्यातला एक माणूस मला सगळ्यात जवळचा वाटतो, त्याच्याकडे जरा थांबून बघा. १५ ऑक्टोबरची नोंद. कोलंबसची जहाजं एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे चाललीयत, आज आपण ज्यांना रम के आणि लाँग आयलंड म्हणतो बहुतेक तीच ती, आणि मधे उघड्या समुद्रात एक माणूस एकटाच छोट्या होडीतून चाललाय. त्याच्याकडे काय काय होतं ते कोलंबसने मोजून लिहिलंय. मुठीएवढी भाकरी. एक भोपळा पाण्याने भरलेला. लाल मातीची भुकटी करून मळलेला एक गोळा. थोडी सुकलेली पानं, जी यांच्यात मोलाची असावीत कारण आधीच्या बेटावर ती आपल्याला भेट म्हणून दिली होती असं तो लिहितो. आणि एका लहानशा टोपलीत काचेच्या मण्यांची माळ आणि दोन ब्लांका, म्हणजे स्पेनमधली अगदी हलकी नाणी. या मण्यांवरून आणि नाण्यांवरून कोलंबसने ओळखलं की हा ग्वानाहानीहून येतोय.

आता हे कोलंबसला बाजूला ठेवून वाचा. तीन दिवसांपूर्वी एका बेटावर अनोळखी माणसं उतरली, आणि हा माणूस त्या माणसांनी दिलेल्या वस्तू घेऊन पुढच्या बेटांवर चाललाय, एकटा, मुठीएवढ्या भाकरीवर, म्हणजे रस्ता पाठ आहे, पुढे कुठेतरी खायला मिळणार याची खात्री आहे, आणि कुणाला तरी हे दाखवायचंय. बातमी घेऊन निघालेला माणूस आहे तो. कोलंबसने त्याला जहाजावर घेतलं, खायला प्यायला दिलं आणि पुढच्या बेटापाशी सोडून दिलं. त्याच दिवसाच्या नोंदीत अजून एक गोष्ट आहे जी लोक पटकन ओलांडून जातात. ग्वानाहानीहून जी माणसं पकडून जहाजावर ठेवली होती त्यातल्या एकाने नीन्या या जहाजावरून उडी मारली आणि होडीतून निसटून गेला. म्हणजे पकडलेली माणसं पहिल्याच आठवड्यात पळायला लागली होती, ते 'आनंदाने आले' असं कुणी सांगितलं तर त्यांना ही नोंद दाखवा.

जे पळाले नाहीत त्यातल्या एकाचं नाव आपल्याला माहितीये, म्हणजे त्याचं खरं नाव नाही, बाप्तिस्मा देऊन ठेवलेलं नाव, दिएगो कोलोन. हा ग्वानाहानीचा मुलगा स्पेनला नेला गेला, तिथून परत आला आणि दुभाषा म्हणून कोलंबसबरोबर फिरला. शोधताना एक काळजी घ्या, कोलंबसच्या स्वतःच्या मुलाचं नावही दिएगो कोलोनच होतं, तो पुढे हिस्पॅनिओलाचा गव्हर्नर झाला, आणि इंटरनेटवर या दोघांची गल्लत होते.

डायरी झाली की जमिनीकडे वळा, कारण लुकायन लोकांनी स्वतः लिहिलेलं काही नाही पण टाकलेलं खूप आहे. त्यांची मातीची भांडी पाल्मेटो वेअर म्हणून ओळखली जातात. बेटांवर चांगली कुंभारमाती नाही, जी लाल माती आहे ती बरीचशी सहारा वाळवंटातून वाऱ्याबरोबर आलेल्या धुळीची बनलीय, मग ते लोक शंख भाजून, कुटून त्या मातीत मिसळायचे म्हणजे भांडं तडकू नये. म्हणून या खापऱ्या लालसर, जाड, ठिसूळ आणि तुटलेल्या कडेला बघितलं तर आत पांढरे पांढरे ठिपके. काही खापऱ्यांच्या तळाला चटईच्या विणीचा ठसा उमटलेला असतो, ओलं भांडं चटईवर ठेवलं होतं त्याचा. त्या चटया कधीच कुजून गेल्या पण वीण कशी होती ते आजही मोजता येतं. म्युझियममध्ये अशी खापरी दिसली तर तळ दिसेल असं वाकून बघा, लेबलवर हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं.

दुसरी ओळख शंखाची, ही शिकायला पाच मिनिटं लागतात आणि मग आयुष्यभर उपयोगी पडते. तिथला मोठा गुलाबी शंख, ज्याला ते काँक म्हणतात, त्याचं मांस काढायला वरच्या बाजूला एक भोक पाडून आतला स्नायू सोडवावा लागतो. आजचे कोळी लोखंडी हत्याराने पाडतात, म्हणून ती लांबट चीर असते. लुकायन लोकांकडे लोखंड नव्हतं, ते दुसऱ्या शंखाच्या टोकाने ठोकायचे, त्यामुळे भोक गोल पडतं. गोल भोक म्हणजे जुना शंख, चीर म्हणजे नंतरचा. किनाऱ्याजवळ शंखांचा जुना ढीग दिसला तर फक्त बघा आणि फोटो काढा, उचलू नका, हलवू नका. बहामात पुराणवस्तूंसाठी १९९८ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी जागेवरून हललेली वस्तू मुकी होते, ती कशाशेजारी पडली होती यातच तिची गोष्ट असते.

हे किती खरं आहे ते सान साल्वादोरच्या लाँग बे या जागेवरून कळतं. १९८३ मध्ये पुरातत्त्वज्ञ चार्ल्स हॉफमन यांनी तिथे उत्खनन केलं, आणि लुकायन खापऱ्यांच्याच थरात त्यांना काचेचे बारीक मणी, एक बक्कल, आणि कॅस्टिलचा राजा चौथा हेन्री याच्या काळातलं एक ब्लांका नाणं मिळालं. मणी आणि ब्लांका. त्या होडीतल्या माणसाच्या टोपलीत जे होतं तेच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. बरेच जण म्हणतात की यावरून कोलंबस इथेच उतरला हे सिद्ध होतं, पण नीट विचार करा, अशा वस्तू होडीतून बेटाबेटांवर फिरत होत्या हे त्याच डायरीत लिहिलंय, म्हणजे मणी जिथे सापडले तिथेच ते दिले गेले असं म्हणता येत नाही. दावा भक्कम होतो इतकंच.

लाकूड फार कमी टिकतं, तेही गुहांमध्ये. दुहो नावाची कोरीव बुटकी आसनं मिळालीत, कासिकेच्या मानाची जागा, देवकार्याला वापरायची. १९१२ मध्ये पुरातत्त्वज्ञ थेओडोर दे बोय यांना आबाकोजवळच्या मोर्स आयलंडवरच्या गुहेत एक अख्खं वल्हं सापडलं, ते आज अमेरिकेच्या नॅशनल म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियनच्या संग्रहात आहे, ऑनलाइन त्यांच्या संग्रहात शोधून बघा. कोलंबसला भटारखान्याचा फळा आठवला होता तो का, ते फोटो बघून कळतं. रम केवरच्या हार्टफर्ड गुहेत दगडावर कोरलेली चित्रं आहेत. आणि अँड्रोससारख्या बेटांवर जे खोल निळे पाण्याचे खड्डे आहेत, ब्लू होल म्हणतात ते, त्यात त्यांनी आपले मृत ठेवले होते. तिथे पोहायला, डायव्हिंगला नेतात, जाणार असाल तर इतकं मनात असू द्या की काही खड्डे ही कुणाची तरी स्मशानं आहेत.

आता तो भाग जो वाचायला जड जातो, पण तो टाळून लुकायन इतिहास वाचला असं म्हणता येणार नाही. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे म्हणून तारखा एका रेषेवर मांडा. १४९२ नंतर लगेच या बेटांवर कुणी स्पॅनिश वस्ती झाली नाही कारण सोनं नव्हतं, त्यांच्या कागदात या बेटांना सरळ निरुपयोगी बेटं म्हटलंय. तिकडे हिस्पॅनिओलावर सोन्याच्या खाणीत राबवून राबवून तिथले ताइनो मरायला लागले, मजूर कमी पडले, आणि मग १५०९ मध्ये राजा फर्दिनांदने लुकायासवरून माणसं आणायला परवानगी दिली. बेटं निरुपयोगी पण माणसं उपयोगी, असा तो व्यवहार. जहाजं भरभरून माणसं नेली. त्यांना काय सांगितलं जायचं तेही नोंदवलंय, लास कासास आणि त्या काळातला इतिहासकार पीटर मार्टिर या दोघांनी, की चला, तुमचे मेलेले आईबाप, आप्त जिथे आहेत त्या सुंदर जागी तुम्हाला नेतो. लोक होड्यांतून जहाजांकडे आले. सत्य कळल्यावर कितीतरी जणांनी अन्न सोडून जीव दिला.

पुढे त्यांची किंमत अजून वाढली, कारण हे लोक पट्टीचे पोहणारे आणि खोल बुडी मारणारे, आणि व्हेनेझुएलाजवळच्या कुबाग्वा बेटापाशी मोत्यांचे शिंपले काढायला असेच लोक हवे होते. सुरुवातीला काही थोड्या पेसोंना विकला जाणारा माणूस शंभर, दीडशे पेसोंपर्यंत गेला. ज्या कौशल्यावर पिढ्यानपिढ्या पोट भरलं त्याच कौशल्यापायी त्यांना मोत्याच्या समुद्रात बुडवलं.

१५१३ मध्ये पोन्से दे लिओन हा स्पॅनिश दर्यावर्दी फ्लोरिडाच्या सफरीत या बेटांमधून गेला, त्याला एका बेटावर एकटी म्हातारी भेटली, म्हणून त्या बेटाला म्हातारीचं बेट असंच नाव पडलं. १५२१ मध्ये माणसं पकडायला आलेल्या जहाजांना इथे कुणीच मिळेना म्हणून ती तशीच उत्तरेला जाऊन आजच्या साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरून माणसं उचलून घेऊन गेली. आणि पेद्रो दे इस्ला नावाच्या एका श्रद्धाळू माणसाने उरलेल्यांना वाचवावं म्हणून जहाज पाठवलं, त्या लोकांनी बेटामागून बेट धुंडाळलं, अकरा माणसं मिळाली. लास कासासने लिहिलंय की ती अकरा माणसं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. १४९२ मध्ये इथे साधारण चाळीस हजार माणसं असावीत असा अंदाज आहे, काही अभ्यासक त्याहून बराच जास्त आकडा देतात.

आता त्या गाईडच्या वाक्याकडे परत या. देवीची साथ हिस्पॅनिओलावर पहिल्यांदा आली ती १५१८ च्या अखेरीला. म्हातारीचं बेट १५१३ चं आहे. म्हणजे साथ यायच्या आधीच बेटं रिकामी होत आली होती. आजाराने माणसं मेली का, तर मेली, खाणींत, मोत्यांच्या बोटींवर, उपासमारीने अर्धमेली झालेली असताना मेली. पण बेटं ओस पडली ती माणसं पकडून नेली म्हणून. म्हणून या विषयावर कुणाला सांगताना, मुलांना सांगताना, 'नामशेष झाले', 'लुप्त झाले' असले शब्द वापरू नका. वाघ लुप्त होतो, डोडो नामशेष होतो. या लोकांना नेलं. क्रियापद बदललं की नेणारा कोण हा प्रश्न आपोआप येतो. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं ही बेटं जवळपास ओसच राहिली, १६४८ मध्ये बर्म्युडाहून आलेले इंग्रज इलूथेरा बेटावर उतरले तोपर्यंत.

नेले म्हणजे कुठेतरी पोचलेही. याचा एक धागा त्याच इलूथेरा बेटावर सापडला, प्रीचर्स केव्ह नावाच्या गुहेत, जिथे १६४८ ची ती इंग्रज मंडळी आसऱ्याला राहिली असं मानतात. त्याच गुहेत पुरलेल्या एका स्त्रीच्या दातातून, हजारेक वर्षांपूर्वीच्या, पूर्ण डीएनए वाचता आला आणि २०१८ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, तिचे पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातल्या अरावाक भाषिकांच्या जवळचे. दुसरी, आजच्या प्वेर्तो रिकोतल्या लोकांमध्ये जो मूळ रहिवाशांचा वारसा आहे तो तिच्या लोकांशी जुळतो. तो थेट तिचाच वंश असं म्हणायचं नाही, ताइनो नातलग सगळीकडे होते. पण 'एकही उरला नाही' हे वाक्य त्यानंतर कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

शब्दांचा वारसा शोधायचा असेल तर आपल्या स्वयंपाकघरात या, हे मला सगळ्यात आवडतं. ताइनो भाषेत बटाटा म्हणजे रताळं. तो शब्द स्पॅनिश, पोर्तुगीजांनी उचलला, गोव्यामार्गे आपल्याकडे आला आणि आपण तो दुसऱ्याच कंदाला लावला. कॅनू, हॅमॉक, हरिकेन, बार्बेक्यू हे इंग्रजी वाटणारे शब्द पण ताइनोच. हॅमॉक तर लुकायन घरांतच युरोपियनांनी पहिल्यांदा पाहिला, १७ ऑक्टोबरच्या नोंदीत कोलंबस लिहितो की यांची अंथरुणं म्हणजे कापसाची जाळी. फक्त एक भान ठेवा, खास लुकायन बोलीतले शब्द फार थोडे नोंदले गेले, यातले बहुतेक शब्द मोठ्या बेटांवरच्या ताइनोंकडून आलेत. भाऊबंदांचे शब्द म्हणा.

आणि त्यांची ती मुठीएवढी भाकरी बहुधा कसाव्याची. कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाच्या सत्त्वापासून सेलमकडे बनतो तोच कंद. त्यांच्याकडचा कडू कसावा विषारी असायचा, आत सायनाइड. तो सोलायचा, किसायचा, विणलेल्या लांब पिशवीत भरून पिळून रस काढायचा, उरलेला चोथा वाळवून बुरेन नावाच्या मातीच्या मोठ्या तव्यावर थापून भाजायचा. ती भाकरी महिनोन्‌महिने टिकते म्हणून समुद्रावर न्यायला उत्तम. सान साल्वादोरवर सापडलेल्या दगडाच्या बारीक कपच्यांना चिकटलेले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यांच्या जेवणाचा माग काढलाय, मका पण होता. पुढच्या एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा, दाणे आणि मिरची टाकाल तेव्हा बघा, त्या पातेल्यातलं जवळजवळ सगळंच अटलांटिकपलीकडून आलेलं आहे.

प्रत्यक्ष जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं. क्रूझचे तास कमी असतात, नासाऊत फार काही हाती लागणार नाही. ग्रँड बहामाला उतरत असाल तर लुकायन नॅशनल पार्क गाठा, तिथे दोन गुहा आहेत, एकीचं नाव बरियल माउंड केव्ह, १९८६ मध्ये तिच्यात पाण्याखाली लुकायन लोकांचे सांगाडे सापडले. ग्रँड टर्कला बोट थांबत असेल तर तिथलं नॅशनल म्युझियम बघा. गाईडला विचारताना 'कोलंबस कुठे उतरला' असं न विचारता 'लुकायन गावं कुठे सापडली' असं विचारा, प्रश्न बदलला की कधी कधी गाईडही खुलतो. बहामाच्या राजचिन्हावर बघा, ढालीवर कोलंबसचं सांता मारिया जहाज आहे, सगळ्यात वर शंख आहे, लुकायन माणूस नाही. पण १२ ऑक्टोबरचा तिथला डिस्कव्हरी डे त्यांनी बंद केला आणि २०१३ पासून त्याऐवजी नॅशनल हीरोज डे पाळतात, हेही सांगायला हवं.

आणि सान साल्वादोरला जायचा योग आला, विमानाने जाता येतं, तर लाँग बेला जा. किनाऱ्यावर मोठा पांढरा क्रॉस उभा आहे, कोलंबसच्या आठवणीत, सगळे त्याचा फोटो काढतात. ते मणी आणि ते नाणं याच किनाऱ्यालगत मिळालं होतं. क्रॉसकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करा आणि जरा डावीकडे, नैऋत्येला बघा. रम के त्या बाजूला आहे, इथून दिसत नाही. तो माणूस टोपली घेऊन तिकडेच गेला होता.